चिलखती मासा आणि त्याच्याकडे पाहणारी माणसं

मागे मरळीवर चार ओळी लिहिल्या होत्या. मरळ आपल्या पिल्लांच्या घोळक्याखाली कशी राखण करत फिरते, एवढाच विषय होता. तो लेख वाचून नाशिकच्या भाचीची मेल आली. तिच्या घरी काचेच्या टाकीत 'कोरी' नावाचे छोटे मासे आहेत. जूनमधल्या एका पावसाच्या रात्री त्यांनी टाकीच्या काचेला अंडी चिकटवली, बारीक साबुदाण्यासारखी. तिने लिहिलं होतं, "मामा, मादी पोटाखाली अंडी धरून काचेपर्यंत नेत होती, चिकटवत होती, सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पण नराचं काम केव्हा झालं तेच दिसलं नाही. तरी अंडी फळली! तुम्ही माशांवर लिहिताच आहात, तर एवढं सांगा."

मी भाषा-इतिहासाचा मास्तर, जीवशास्त्राचा नव्हे. पण प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा लक्षात आलं की हा भाचीचा एकटीचा प्रश्न नाही. शंभराहून जास्त वर्षं शहाणीसुरती माणसं काचेला नाक लावून हेच पाहत होती आणि त्यांनाही दिसलं नव्हतं. म्हणजे हा प्रश्न जीवशास्त्राइतकाच इतिहासाचा आहे, आणि तिथे मला थोडं बोलता येईल.

आधी मासा कोणता ते पाहू. दक्षिण अमेरिकेत मिशा असलेल्या माशांचं एक कूळ आहे, त्याला शास्त्रात 'कॅलिक्थिडी' म्हणतात. आपल्या शिंगाळ्याला, मांगूरला जशा मिशा असतात तशाच यांनाही. पण आपल्या मांगूरचं अंग गुळगुळीत, आणि यांच्या दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन दोन रांगा, कौलं शाकारावीत तशा एकावर एक. खवले नाहीतच. कुळाच्या नावातल्या 'कॅलिक्थिस'चा ग्रीक अर्थ 'सुंदर मासा'. ते नाव लिनियसने १७५८ साली एका माशाला दिलं. पुढे १८०३ मध्ये लासेपेद या फ्रेंच पंडिताने 'कोरिडोरास' हे नाव काढलं, त्यात शिरस्त्राण आणि कातडी असे दोन ग्रीक शब्द आहेत. भाचीच्या टाकीतली 'कोरी' ही त्याचीच लाडाची हाक.

(उजनीच्या जलाशयात ज्याच्याबद्दल आपल्या मच्छीमारांच्या तक्रारी पेपरात येतात तो 'सकर' मासाही दक्षिण अमेरिकेचाच आणि चिलखतीच. पण त्याचं कूळ वेगळं. त्याची करणी या गरिबांच्या माथी मारू नये.)

या कुळात कोरी म्हणजे बोटभर लांबीचे, शोभेचे. दुसरे आहेत ते वीतभर, ताटात वाढण्याजोगे. गयानात त्यांना 'हासार' म्हणतात, सुरिनाममध्ये 'क्वी-क्वी', फ्रेंच गयानात 'आतिपा', आणि त्रिनिदादमध्ये 'कास्कादुरा', म्हणजे स्पॅनिशमध्ये कठीण कवच. ज्या माशाला दर मुलखात वेगळं नाव आहे तो मासा त्या मुलखातल्या लोकांच्या पोटापाण्याशी जोडलेला असतो, असा माझा अनुभव आहे. नुसत्या शोभेच्या वस्तूला जगभर एकच नाव पुरतं.

आता डेमेरारा. आजच्या गयाना देशाचा हा किनारा, तेव्हा इंग्रजांची ऊस-वसाहत. तिथे जॉन हॅनकॉक नावाचा एक डॉक्टर होता. त्याने १८२८ च्या सुमारास तिथल्या माशांवर एक टिपण छापलं. या मोठ्या हासारचं शास्त्रीय नामकरणही त्याचंच, १८२८ सालचं. त्याने लिहिलं की हे मासे घरटं बांधतात, त्यात अंडी घालतात आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत तिथून हलत नाहीत. मासा घरटं बांधतो, ही गोष्ट युरोपातल्या वाचकांना नवलाची वाटली. पुढे कितीतरी पुस्तकांनी ती उचलली.

पण ही गोष्ट हॅनकॉकला कळली कशी? त्या काळच्या गयानाच्या वर्णनांत हासार धरण्याची एक रीत येते. घरट्याच्या तोंडाशी टोपली धरायची आणि काठीने घरटं ढोसायचं. राखणदार मासा काटे फुलवून रागारागाने बाहेर येतो तो थेट टोपलीत. जाळं नको, गळ नको, आमिष नको. माशाची माया हेच आमिष.

ही रीत ज्याने शोधली त्याला मासा घरटं बांधतो, अंडी राखतो, कोणत्या महिन्यात राखतो आणि चिडला की कुठल्या दिशेने धावतो, हे सगळं आधीच ठाऊक असणार. तसं नसतं तर टोपली कुठे धरायची हे कळलंच नसतं. वर्णनांत टोपली धरणारे कोण आहेत? मळ्यांवरचे आफ्रिकी गुलाम. डेमेरारात गुलामगिरी कायद्याने १८३४ साली संपली, प्रत्यक्ष सुटका १८३८ ची. हॅनकॉकचं टिपण छापलं गेलं त्याच्या पाचच वर्षं आधी, १८२३ मध्ये, तिथे दहा हजारांवर गुलामांचा उठाव झाला होता आणि तो क्रूरपणे मोडला होता. मळ्यावर खायला मिळे ते तुटपुंजं. चरांतला मासा ही हक्काची नाही तरी हाताशी असलेली चीज. त्या माणसांपैकी एकाचंही नाव कुठल्या टिपणात नाही. माशाच्या लॅटिन नावापुढे मात्र 'हॅनकॉक, १८२८' असं आजही लिहितात. हॅनकॉकने निदान लिहून तरी ठेवलं, हे त्याचं श्रेय मी काढून घेत नाही. पण पहिला पाहणारा तो नव्हता.

आता दुसऱ्या टोकाचं पाहा. बीगल जहाजावरून डार्विन १८३६ साली परतला तो बाटल्या भरभरून मासे घेऊन. त्यांची वर्णनं लिहायचं काम लिओनार्ड जेनिन्स या पाद्र्याने केलं. (बीगलवर जायचं आमंत्रण आधी याच जेनिन्सला आलं होतं. आपली पॅरिश सोडवेना म्हणून त्याने नाही म्हटलं. तो गेला असता तर जगाच्या इतिहासाचं काय झालं असतं, हा विचार मुलांना वर्गात करायला लावायला मला फार आवडे.) १८४२ मध्ये जेनिन्सने त्या बाटल्यांतल्या एका छोट्या ठिपकेदार चिलखती माशाला 'पालिएटस' नाव दिलं. भाचीच्या टाकीत आहेत ते हेच असावेत, तिच्या फोटोवरून तरी तसं दिसतं. गंमत म्हणजे हा मासा नेमका कुठे पकडला, त्याची नोंदच नमुन्याबरोबर नव्हती. बहुधा दक्षिण अमेरिका, एवढंच. एकीकडे डेमेराराचा तो अनामिक माणूस, ज्याला मासा कुठल्या चरात, कुठल्या महिन्यात, कुठल्या गवताखाली सापडेल हे माहीत, पण त्याचं नाव कागदावर नाही. दुसरीकडे बाटलीतला मासा, ज्याचं नाव लॅटिनमध्ये, पण गाव माहीत नाही.

पुढे १८५८ साली थिओडोर गिल या विशी ओलांडलेल्या अमेरिकन तरुणाने त्रिनिदादच्या पश्चिम भागातल्या गोड्या पाण्यातल्या माशांची यादी छापली. तिच्यातून आणखी एक कोरी शास्त्राला कळला, ब्राँझसारख्या झाकेचा. आज जगभर टाक्यांत सर्रास दिसतो तो हा. आपल्या उत्तराची किल्ली याच माशाच्या पोटात होती.

पोटात म्हणजे खरोखरच पोटात. १८७७ मध्ये जोबेर या फ्रेंच संशोधकाने ब्राझीलमधल्या एका चिलखती माशावरून दाखवलं की हे मासे आतड्याने श्वास घेतात. पाणी कुजकट झालं, त्यातला प्राणवायू संपला, की मासा सर्रकन वर येतो, हवेचा घोट गिळतो आणि पुन्हा तळाशी जातो. आतड्याचा मागचा भाग पातळ कातडीचा आणि रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. तिथे प्राणवायू रक्तात शिरतो आणि उरलेली हवा गुदद्वारातून बाहेर पडते. म्हणजे या माशाचं आतडं ही आरपार वाहती वाट आहे. कोरी मधूनच वर उसळी मारून येतात ती ही. खेळ नव्हे, श्वास!

साधारण त्याच वेळी, १८८० च्या आगेमागे, पॅरिसमध्ये कार्बोनिए नावाचा मत्स्यपालक होता. चीनहून आलेल्या रंगीत माशांची पैदास करून त्याने आधीच नाव कमावलं होतं. त्याने हे चिलखती मासे काचेच्या टाकीत वाढवले, त्यांची अंडी मिळवली आणि त्यावर टिपण लिहिलं. मादी पोटाखालचे दोन पर जुळवून त्यांची ओंजळ करते आणि तिच्यात अंडी धरते, हे त्यानंतर टाकीवाल्या सगळ्यांना माहीत झालं. भाचीने पाहिलं तेच.

आणि तिथेच घोडं अडलं.

काय दिसे ते सांगतो. नर मादीच्या पुढ्यात आडवा होतो. मादी त्याच्या पोटाला तोंड लावते, नर आपल्या परांनी तिच्या मिशा दाबून धरतो. दोघांचा आकार इंग्रजी 'टी' अक्षरासारखा होतो. काही क्षण दोघं थरथरतात आणि स्तब्ध होतात. मग मादीच्या ओंजळीत दोन-चार अंडी येतात. ती एखादं पान किंवा काच तोंडाने साफ करते, अंडी चिकटवते आणि पुन्हा परत येते. कोणी म्हणे, नराचं बीज पाण्यात पसरतं आणि आपोआप अंड्यांपर्यंत पोचतं. कोणी म्हणे, मादी ते तोंडात धरून नेते आणि पान साफ करताना तिथे फासते. कोणी म्हणे, ती ते गिळते. गिळते म्हटलं की बाकीचे हसत, कारण पोटात गेलेलं पचतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत. हौशी लोकांच्या मासिकांतून हा वाद वर्षानुवर्षं चालला.

१९९५ साली जपानमधल्या मासानोरी कोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सोडवला. युक्ती इतकी साधी की आठवीच्या प्रयोगवहीत शोभावी. त्रिनिदादचा तोच ब्राँझ कोरी घेतला. मादी नराच्या पोटाला तोंड लावते त्या क्षणी तिच्या तोंडाशी निळा रंग सोडला. काही सेकंदांतच निळा रंग तिच्या गुदद्वारातून बाहेर आला, थेट परांच्या ओंजळीत, जिथे अंडी येऊन पडतात तिथे! मादी नराचं बीज पिते, ते आतड्यातून न पचता भरकन वाहत जातं आणि पोटाखालच्या बंद ओंजळीत अंड्यांना भेटतं. ज्या वाटेने हा मासा श्वास घेतो ती आरपार वाटच इथे कामाला येते, असं मला वाटतं. जोबेरचा शोध १८७७ चा, कोदांचा १९९५ चा. मध्ये एकशे अठरा वर्षं.

असं का असावं याचा विचार केला तर त्यात मोठा शहाणपणा दिसतो. एका मादीमागे चार-पाच नर लागलेले असतात. उघड्या पाण्यात बीज सांडलं असतं तर वाहून गेलं असतं, किंवा भलत्याचंच लागू पडलं असतं. इथे मादी ज्याच्या पोटाला तोंड लावेल त्याचंच बीज तिच्या ओंजळीत येतं. (घरातल्या ज्येष्ठ मंडळींनी हा परिच्छेद वाचून भुवया उंचावल्या असतील तर त्यांना नम्र विनंती, की फुलांचं परागीभवन आपण सगळ्यांनी वर्गात मोठ्याने वाचलेलं आहे.) याच कोदांच्या चमूने पुढे २०१९ मध्ये एका छोट्या सागरी माशाला आरशात स्वतःची ओळख पटते असं दाखवून मोठी खळबळ उडवली. पाहायचं कसं हे ज्याला कळतं त्याला एकदाच दिसतं असं नाही.

पाऊस पडला त्याच रात्री अंडी का, हेही भाचीने विचारलं होतं. या माशांचं प्रजनन त्यांच्या नद्यांच्या पावसाळ्याशी बांधलेलं आहे. पाऊस येतो, पाणी गार होतं, काठाबाहेर पसरतं, पिल्लांना खायला बारीक जीव मुबलक होतात. टाकीवाले याचीच नक्कल करतात. संध्याकाळी थोडं जुनं पाणी काढून त्याजागी जरा गार पाणी घालतात, आणि बरेचदा सकाळी काचेवर अंडी असतात. कोकणात पहिल्या पावसात वलगणीला मासे चढतात, ते आपण लहानपणी टोपल्या घेऊन धरायला जायचो, तो याच जातीचा प्रकार. तेही पोटात अंडी घेऊन निघालेले असत आणि त्यामुळेच टोपलीत सापडत. डेमेराराला नावं ठेवताना हे विसरू नये.

कोरींचं आईबापपण मात्र अंडी चिकटवली की संपतं. उलट तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येईपर्यंत अंडी वेगळी काढली नाहीत तर आईबापच ती खाऊन टाकतात. (भाचीला फोन करून हे आधीच सांगितलं आहे.) हासारचं तसं नाही. त्याच कुळात, त्याच चिलखतात, पण बाप निराळा.

पावसाळा आला की हासार नराच्या छातीजवळच्या परांचे काटे जाड होतात, टोकाला वर वळतात, तांबूस दिसू लागतात. तो पाणथळ जागी पृष्ठभागावर फेसाचं घरटं बांधतो. उलटा होऊन पोहत तोंडाने हवा घेतो, कल्ल्यांतून बुडबुडे सोडतो आणि त्यात गवत, पानं, काटक्या गुंफतो. अंडी या फेसात, पाण्याच्या जरा वरच राहतात. सुरिनाममध्ये यान मोल यांनी या घरट्यांचा बारकाईने अभ्यास केला. १९९३ सालचा त्यांचा लेख आहे. दलदलीच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. बाप वर येऊन हवा गिळू शकतो, अंड्यांना ते जमत नाही. म्हणून तो अंड्यांनाच हवेत नेऊन ठेवतो. एका घरट्यात हजारो अंडी. दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर पडतात आणि तोवर जो जवळ येईल त्याच्यावर बाप धावून जातो. दुसरा मासा असो, काठी असो, माणूस असो.

गुलामांची सुटका झाली त्याच वर्षी, १८३८ च्या मे महिन्यात, 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही जहाजं कलकत्त्याहून डेमेराराला लागली. त्यांत होते आपले लोक, करारावर नेलेले गिरमिटिये. त्रिनिदादला पहिलं जहाज पोचलं ३० मे १८४५ रोजी, आणि १९१७ मध्ये भरती थांबेपर्यंत ती जात राहिली. गयानाला सुमारे २ लाख ३९ हजार माणसं गेली, त्रिनिदादला सुमारे १ लाख ४४ हजार. मराठी माणूस मॉरिशसला गेला. इकडे गेले ते मुख्यतः भोजपुरी मुलखातले, काही मद्रासकडचे. मळ्यांच्या चरांत, पुढे त्यांनीच लावलेल्या भाताच्या खाचरांत, त्यांना हा मासा भेटला. अंगावर हाडांचं कवच, असा मासा त्यांनी गंगेत पाहिलेला नव्हता. त्यांनी तो मसाला घालून, नारळाच्या दुधात शिजवला. गयानातली हासार करी आणि त्रिनिदादची कास्कादुरा करी आजही तिथल्या लोकांचा जीव की प्राण आहे. मासा चिलखतासकट शिजवायचा आणि ताटात कवच उचकटून आतलं मांस खायचं.

त्रिनिदादमध्ये एक समजूत आहे. ज्याने कास्कादुरा खाल्ला तो जगात कुठेही भटको, त्याचा शेवट त्रिनिदादमध्येच होणार. कलकत्त्याच्या गोदीत जहाजावर चढलेल्या आणि परत येऊ न शकलेल्या माणसांच्या नातवंडांनी ही समजूत कोणत्या अर्थाने ऐकली असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. आजोबांचं गाव सुटलं ते सुटलंच. मग निदान जिथे मासा खाल्ला ते तरी आपलं गाव.

सॅम्युअल सेल्वन हा त्या मातीतला मोठा लेखक. जन्म १९२३, त्रिनिदादच्या सान फर्नांडोत. वडिलांकडचं घराणं मद्रासचं. १९५० साली तो लंडनला गेला, १९७८ मध्ये तिथून कॅनडाला. १९७२ साली आलेल्या त्याच्या एका कादंबरीच्या नावातच कास्कादुरा खाणारे आहेत. आयुष्याची चाळीसहून जास्त वर्षं त्याने बेटाबाहेर काढली. १९९४ च्या एप्रिलमध्ये तो त्रिनिदादला भेट द्यायला आला होता, आणि तिथेच, पियार्कोच्या विमानतळावर, त्याला मृत्यू आला.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९९५ मध्ये, हा मोठा हासार अमेरिकेत फ्लोरिडाच्या पूर्वेकडच्या पाण्यात सापडल्याची नोंद झाली. कोदांनी निळा रंग सोडला तेही हेच साल, हा नुसता योगायोग. तो आता तिथल्या कितीतरी चरांत आणि तळ्यांत पसरला आहे, आणि उन्हाळी पावसात फेसाची घरटी बांधतो. तिथल्या स्थानिक गोऱ्या लोकांना त्याचं फारसं कौतुक नाही. पण फ्लोरिडात स्थायिक झालेले त्रिनिदादचे लोक सुट्टीच्या दिवशी पाग घेऊन चरांवर जातात, पाग टाकून तो धरतात, आणि घरी नेऊन करी करतात. कवचासकट.